पिवळ्या दिव्यानंतर

इंदापूरच्या बाजारपेठेमागील गल्लीत, रावजींच्या पिठाच्या गिरणीला भिंतीस भिंत लागून, सर्जेराव मारकड यांच्या दोन खोल्या होत्या. आतील खोलीच्या भिंतीवर त्यांनी प्लायवूडची पुरुषभर उंचीची एक फळी ठोकली होती व तीवर तैलरंगाने शंभरावर बटणे, दिवे आणि काट्यांच्या तबकड्या रेखाटल्या होत्या. त्यांतील एकही बटण दाबले जात नव्हते की एकही दिवा पेटत नव्हता. तथापि रोज सकाळी स्नान आटोपल्यावर सर्जेराव त्या फळीसमोर लाकडी खुर्ची मांडून बसत आणि ठरलेल्या क्रमाने त्या रंगीत बटणांना बोटे लावीत. देवपूजा राहिली तरी त्यांना विशेष वाटत नसे, परंतु हा क्रम चुकलेला त्यांना खपत नसे.

गिरणीच्या दारातून रावजी हाक मारीत, “काय सर्जेराव, आज कुठवर? जाता जाता मला टेंभुर्णीला उतरवा की. येस्टीत उभं ऱ्हायला जागा न्हाय.”

सर्जेराव त्यावर हसत नसत आणि रागावतही नसत.

या फळीमागील वृत्तान्त असा. सर्जेराव हे वरकुट्याच्या बिरदेव मारकडांचे थोरले चिरंजीव. बिरदेव-आबांच्या उमेदीच्या काळात घरी तीनशे मेंढरे होती. पुढे ती विकून त्यांनी जमीन कसावयास घेतली. सर्जेराव शाळेतून हवाई दलात मेकॅनिक म्हणून गेले व तेथून एका विमान कंपनीत फ्लाइट इंजिनिअर झाले. त्या काळच्या तीन इंजिनांच्या जुन्या प्रवासी विमानात दोघे वैमानिक पुढे बसत आणि त्यांच्या पाठीमागे, बाजूच्या भिंतीकडे तोंड करून, तिसरा माणूस बसे. त्याच्यासमोर आभाळ नसे, बटणांची आणि काट्यांची भिंत असे. इंधन, तेल, वीज आणि आतील हवा यांची राखण करणे हे त्याचे काम. आबा मेंढरे कधी मोजत नसत, कारण मोजलेल्या कळपाला दृष्ट लागते अशी त्यांची समजूत होती. ते कळपावरून एकवार नजर फिरवीत आणि कोणते मेंढरू नाही ते नेमके सांगत. सर्जेरावही त्याच रीतीने काट्यांवरून नजर फिरवीत. आकडा वाचण्यापूर्वीच कोणता काटा जागेवर नाही हे त्यांना उमगे. “धनगराचा डोळा,” असे कप्तान लोक कौतुकाने म्हणत.

एकोणीसशे एक्क्याण्णव सालच्या श्रावणात, हैदराबादहून मुंबईस येताना, मधल्या टाकीचा काटा नऊशे किलोवर अडकून बसला. टाकी रिकामी होत गेली आणि काटा मात्र भरल्या घरासारखा तृप्त उभा राहिला. अशा वेळी टाकीतील पंप कोरडा पडू लागला की एक पिवळा दिवा लागतो. दिवा दिसताच एक बटण फिरविले की शेजारच्या टाकीतून इंधन मिळते. ते बटण वेळेवर फिरविले गेले नाही. मागचे इंजिन विझले आणि पुन्हा पेटले नाही. त्या विमानात ब्रेकच्या तेलाचा दाब बव्हंशी त्याच इंजिनावर अवलंबून होता. मुंबईच्या ओल्या धावपट्टीवर विमान थांबू शकले नाही आणि कडेच्या नाल्यात तोंड खुपसून उभे राहिले. प्रवासी सर्व वाचले. सहवैमानिक केरसी भरुचा मात्र आसनातच चेंगरून गेला. त्याचे वय सव्वीस होते.

चौकशी समितीने काट्याचा दोष मान्य केला. तिने एकच प्रश्न विचारला, “दिवा लागला तेव्हा आपण काय करीत होता?”

“दिवा लागला आणि एका श्वासात इंजिन विझलं, साहेब. मध्ये वेळच नव्हता,” असे सर्जेरावांनी उत्तर दिले.

विमानातील नोंदयंत्र जुने होते, त्यात दिव्यांची नोंद होत नसे. कप्तानाने सांगितले की, पाठीमागचे मला दिसत नव्हते. समितीला सर्जेरावांचे म्हणणे पटले नाही व त्यांचा परवाना रद्द झाला. हे सर्व त्यांनी सहन केले असते. परंतु त्यानंतर महिन्याभराने पुण्याच्या कॅम्पातून केरसीच्या आईचे, पेरिनबाईंचे पत्र आले. त्या शाळेत शिक्षिका होत्या आणि मराठी स्वच्छ लिहीत. पत्रात लिहिले होते, ‘समितीचे कागद मला समजत नाहीत. तुम्ही माझ्या मुलाच्या पाठीमागे बसला होता. त्याला वाचवण्याइतका वेळ होता का, एवढेच मला खरे सांगा.’

सर्जेरावांनी बिरोबाची शपथ घेऊन उलट टपाली कळविले की वेळ नव्हता. पेरिनबाईंचे उत्तर आले, ‘मी तुमच्यावर विश्वास ठेवते. आता मला झोप लागेल.’ तेव्हापासून दर ऑगस्टमध्ये, त्यांच्या पारशी नववर्षाला, एक शुभेच्छापत्र इंदापुरास येऊ लागले. पहिल्या दोन वर्षी त्या पत्राने सर्जेरावांना धीर दिला. तिसऱ्या वर्षापासून ते पोस्टमनच्या हातून पाकीट घेताना त्याच्या तोंडाकडे पाहीनासे झाले.

कारण त्यांच्या स्मृतीत एक छिद्र होते. मुंबईकडे येताना उजनीचे पाणी खाली चमकू लागले की सर्जेराव खुर्चीतून अर्धे उठत, बटणांच्या भिंतीकडे पाठ करीत आणि कप्तानाच्या खांद्यावरून काचेबाहेर वाकून वरकुटे शोधीत. नेमक्या त्याच वेळी, म्हणजे सव्वानऊच्या सुमारास, गावामागच्या माळावर उभे राहून बिरदेव-आबा विमानाकडे पाहत घोंगडी फिरवीत. एवढ्या उंचीवरून घोंगडी तर सोडाच, गावसुद्धा धड दिसत नसे. परंतु सुट्टीला घरी गेल्यावर आबा विचारीत, “दिसलो का रं?”

“दिसला की, आबा.”

या असत्याने कोणाचे काहीच बिघडत नव्हते. त्या श्रावणातील दिवशीही आपण खाली क्षणभर पाहिले होते, हे सर्जेरावांना आठवत असे. किती क्षणभर, ते आठवत नसे.

म्हाळसाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, अपघाताच्याच वर्षी म्हणाल्या होत्या, “अवो, बिरोबाला कौल लावू. उजवं फूल पडलं तर तुमचा दोष न्हाय, डावं पडलं तर हाय. एकदा काय ते कळू द्या.”

“देव विमानात बसला नव्हता, म्हाळसा,” सर्जेराव म्हणाले होते. “ज्याला इंजिन कळतं त्यानं सांगावं.”

अशी सात वर्षे गेली. अठ्ठ्याण्णव साली काही अर्ज टंकित करून घेण्यासाठी सर्जेराव बारामतीस गेले असता, भिगवण रस्त्यावरील एका कॉम्प्युटर क्लासमध्ये त्यांनी पडद्यावर विमान उडताना पाहिले. क्लास चालविणाऱ्या बाईंचे नाव सुकन्या. पणदऱ्याच्या एका भाजीपाला पिकविणाऱ्या माळी कुटुंबातील त्या कन्या. वय तिशीचे, बोलणे मोकळे.

“ह्यात टाकी रिकामी करता येते का?” सर्जेरावांनी विचारले.

“काका, लोक विमान भरायचं इचारत्यात, तुम्ही रिकामं करायचं इचारताय?”

तेव्हा त्यांनी, आयुष्यात प्रथमच एका परक्या व्यक्तीला, सर्व हकीकत सांगितली. जे विमान आता कोठेच उडत नाही ते यंत्रात उडवावयाचे, तोच काटा अडकवावयाचा, तीच टाकी कोरडी करावयाची आणि पिवळा दिवा लागल्यापासून इंजिन विझेपर्यंत किती वेळ जातो ते मोजावयाचे, हा त्यांचा हेतू होता. सुकन्याताईंनी सर्व ऐकून घेतले. मग एवढेच म्हणाल्या, “घरी मशीन घ्यावं लागंल, काका. क्लासमधी पोरं बसू द्यायची न्हाईत.”

संगणक इंदापुरास आला. आता विमान उडविणारा योग्य संगणक-कार्यक्रम निवडणे हेच खरे काम होते, आणि सर्जेरावांनी त्यासाठी एकच कसोटी ठरविली. पंप बंद केल्यावर दिवा लागला पाहिजे.

पहिली सीडी क्लासमधलीच होती. तीत विमान उत्तम उडे, समुद्रही निळा दिसे, परंतु साऱ्या इंधनास मिळून एकच काटा होता. “ह्यात पोरं पुलाखालनं विमान काढत्यात,” सुकन्याताई म्हणाल्या. “माझ्या स्कूटीलाबी ह्याच्यापेक्षा जास्त बटणं हाईत.” दुसरी सीडी पुण्याहून मागविली. तिच्यात तिसऱ्या माणसाची जागा, त्याची भिंत, सर्व हुबेहूब होते. सर्जेराव पडद्याच्या इतके जवळ गेले की काचेवर श्वासाचा ठसा उमटला. त्यांनी पंपाचे बटण दाबले. काहीच झाले नाही. पुन्हा दाबले.

“चित्र आहे,” ते म्हणाले. “एक चित्र माझ्याकडं भिंतीवर आहे, ताई. दुसरं नको.”

तिसरा कार्यक्रम सुकन्याताईंनी इंटरनेटवर शोधून काढला. युरोपात चार-पाच निवृत्त फ्लाइट इंजिनिअरांनी, आपली नोकरीच जगातून नाहीशी होत आहे हे पाहून, त्या जुन्या विमानाच्या यंत्रणा जशाच्या तशा संगणकात उतरविल्या होत्या. दोन महिन्यांनी टपालाने पुडके आले. त्यात एक सीडी आणि वहीसारखी तारेने बांधलेली तीनशे पानांची पुस्तिका होती. सर्जेरावांनी ती आठ दिवस वाचली. त्या पुस्तिकेत कोणत्या पंपाचा दाब किती, कोणत्या नळीत किती लिटर इंधन मावते, हे सर्व होते. एके ठिकाणी छापले होते की उजवीकडील एक विशिष्ट बटण थंडीत घट्ट होते, ते अंगठ्याने नव्हे तर तळव्याने दाबावे. हे वाचून सर्जेरावांनी पुस्तिका मिटली व ते परसात जाऊन उभे राहिले. हे केवळ तेथे बसलेल्या माणसासच ठाऊक असू शकते.

कार्यक्रम यंत्रात बसविणे मात्र सोपे गेले नाही. यंत्राची स्मृती अपुरी पडली, ती वाढविली. आवाज सुरू केला की माऊस मरे. माऊस जिवंत केला की आवाज जाई. बारामतीहून सुकन्याताई तीन रविवार येऊन गेल्या. सर्व सुरळीत झाले तेव्हा गिरणी आडवी आली. रावजींनी मोटार सुरू केली की विजेचा दाब एवढा पडे की विमान ढगातून थेट अंधारात जाई.

“रावजी, मला रोज दुपारी दोन तास द्या,” सर्जेरावांनी विनंती केली.

“दिलं. एक ते तीन गिरणी बंद. मीबी जेवून आडवा हुईन. पण तिनाला पट्टा चढवणार. मग तुमचं इमान आकाशात आसू न्हायतर पाताळात.”

त्याच दुपारी सर्जेरावांनी पडद्यावरील पंपाचे बटण दाबले आणि पिवळा दिवा लागला. तोच पिवळा, किंचित तांबूस कडेचा. त्यांच्या हाताने, विचार मनात येण्यापूर्वीच, पडदा सोडून भिंतीवरील फळीवरच्या रंगविलेल्या बटणाकडे झेप घेतली. म्हाळसाबाई दारात उभ्या होत्या. सात वर्षांत त्यांनी पतीस एवढे प्रसन्न पाहिले नव्हते.

“हेच,” सर्जेराव म्हणाले. “हे खोटं बोलणार नाही.”

मोजणीचा दिवस रविवार ठरला. म्हाळसाबाईंनी वरकुट्याहून आबांना मुद्दाम बोलावून घेतले. मुलगा निर्दोष ठरताना बापाने पाहावे, हा त्यांचा उद्देश. आबा ऐंशीच्या पुढे गेले होते. खुर्ची नाकारून ते घोंगडी अंथरून भिंतीशी टेकले.

“ह्यात बसून उडायचं?” त्यांनी संगणकाकडे पाहून विचारले. “आन् बसायचं कुठं?”

“आबा, हे नुसतं बघायचं,” सुकन्याताई म्हणाल्या.

“नुसतं बघायचं तर मी आयुष्यभर केलं, पोरी.”

सर्जेराव मध्यभागी उभे राहिले. देवळात कौल लावताना कोणते फूल म्हणजे काय ते आधी चारचौघांत बोलावे लागते, आणि बोललेले मागे घेता येत नाही. सर्जेरावांना आपण तेच करीत आहोत याची जाणीव नसावी. ते म्हणाले, “सर्वांनी ऐका. दिवा लागल्यापासून दहा सेकंदांच्या आत इंजिन विझलं, तर मी खरं बोललो होतो. दहाच्या पुढं गेलं, तर खोटं. तीनदा बघायचं. तिन्ही वेळा जे येईल ते मला मान्य.”

सुकन्याताईंनी बिघाडांच्या यादीतून मधल्या टाकीचा काटा नऊशेवर अडकवला. विमान सोलापूर मागे टाकून मुंबईच्या दिशेने चालले होते. पडद्याच्या कोपऱ्यातील लहानशा नकाशावर त्याची खूण हलत होती. टाकी आटत गेली, काटा ढळला नाही. सर्जेराव हात पाठीमागे बांधून उभे होते.

दिवा लागला.

“एक,” मनगटी घड्याळाकडे पाहत सुकन्याताईंनी मोजण्यास आरंभ केला. “दोन. तीन. चार.”

इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता.

“नऊ. धा.” त्या किंचित थबकल्या. “अकरा.”

सर्जेरावांनी मान हलवून मोजत राहा असे सुचविले. वीस झाले. दिवा जळत होता. तो लपलेला नव्हता, अंधुक नव्हता, नजर फिरविणाऱ्या कोणालाही दिसला असता. तीस झाले. म्हाळसाबाईंनी पदर तोंडाशी धरला. छत्तीस आणि सदतीस यांच्या दरम्यान आवाज घोगरा झाला, काटे एकामागून एक आडवे पडले आणि मागचे इंजिन विझले.

“सदतीस,” सुकन्याताई हळू बोलल्या.

“पुन्हा,” सर्जेराव म्हणाले.

दुसऱ्या खेपेस छत्तीस आले. तिसऱ्या खेपेस पुन्हा सदतीस.

गल्लीत केळीवाल्याचा हातगाडा थांबला आणि पुढे गेला. अखेर सुकन्याताई घाईघाईने म्हणाल्या, “काका, हा प्रोग्रॅम हाय वो. माणसांनीच लिहिलाय. नळीत किती इंधन उरतं त्याचा आकडा कुणीतरी हितं घातलाय, हे बघा.” त्यांनी एक फाइल उघडली. तीत साध्या अक्षरांत आकड्यांच्या ओळी होत्या. “हा कमी केला की झालं. खऱ्या इमानात वेगळा आसंल. त्यांचा चुकला आसंल.”

“करा कमी,” सर्जेराव म्हणाले.

सुकन्याताईंनी आकडा बदलला. चौथ्या खेपेस दिवा लागला आणि आठव्या सेकंदाला इंजिन विझले. एका श्वासात, जसे सर्जेराव सात वर्षे सांगत आले होते तसेच. त्यांनी पडद्याकडे पाहिले. ज्या दृश्यासाठी त्यांनी एवढा खटाटोप केला ते समोर होते, आणि त्यास मीठ नसलेल्या भाताइतकीही चव नव्हती.

“त्यांचा आकडा चुकला नसेल, ताई,” ते म्हणाले. “ते माझ्याच खुर्चीत बसलेले लोक आहेत. बटण तळव्यानं दाबावं, हे ज्यांनी लिहिलं, ते हे चुकणार नाहीत. होता तसा करा.”

“काका...”

“करा म्हणतो ना!”

म्हाळसाबाई पुढे आल्या. त्यांचा स्वर रागाचा होता, परंतु राग कोणावर हे त्यांनाही सांगता आले नसते. “कौल आपल्या हातानं फिरवायचा नसतो, पोरी. त्यांचं बराबर हाय.” मग पतीकडे वळून त्या म्हणाल्या, “म्या तवाच म्हणत हुते, देवाला इचारा. देवानं नुसतं डावं-उजवं सांगितलं आसतं. सेकंद न्हाय मोजलं आसतं!”

सुकन्याताईंनी जुना आकडा लिहिला आणि पुन्हा एकवार सर्व आरंभापासून सुरू केले, कारण हातांना काहीतरी काम हवे होते. विमान पुन्हा पश्चिमेस चालले. भिंतीशी बसलेल्या आबांना त्या मोजणीतील काही समजले नव्हते. ते बोटाने पडद्यावरील नकाशाकडे दाखवून म्हणाले, “ते निळं काय हाय?”

“उजनी, आबा. धरणाचं पाणी,” सुकन्याताईंनी सांगितले.

आबा गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि पडद्याजवळ आले. “मग हितंच आपलं वरकुटं. ह्या अंगाला. आन् मी हितं उभा.” त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. “सर्जा, त्या दिशी लई येळ फिरवली रं म्या घोंगडी. पाऊस उघडला हुता, इमान सपष्ट दिसत हुतं. हात भरून आलं तरी थांबलो न्हाय. म्हटलं, आज पोरगं आपल्याकडं बघतंय. मला कळतंच की. मेंढराची पाठ कुणीकडं आन् तोंड कुणीकडं, लांबनंबी कळतं.” ते पुत्राकडे वळले. “बघत हुतास न्हवं?”

नकाशावरील खूण निळ्या पाण्यावर आली होती. त्याच क्षणी पिवळा दिवा लागला.

सर्जेरावांना तो दिवस आता छिद्राविना आठवला. कप्तानाचा खांदा, काचेवरील पाण्याचे सुकलेले डाग, खाली फाटलेल्या ढगांमधून दिसणारी उजनीची चंद्रकोर, आणि तिच्या काठाशी आपण शोधीत असलेला, कधीच न दिसणारा, एक काळा ठिपका. आज दिसेल, आभाळ स्वच्छ आहे, आज नक्की दिसेल, असे वाटून ते वाकून पाहत राहिले होते. शेजारी केरसी काहीतरी गुणगुणत होता. पाठीमागे दिवा जळत होता.

आबा उत्तराची वाट पाहत होते. त्यांची दृष्टी अधू झाली होती, तरी ते मुलाच्या तोंडाकडे टक लावून होते.

“व्हय, आबा,” सर्जेराव म्हणाले. “तुमच्याकडंच बघत हुतो.”

आबांनी मान डोलावली. म्हाळसाबाईंनी आणि सुकन्याताईंनी एकमेकींकडे पाहिले आणि लगेच नजरा खाली वळविल्या. तेवढ्यात तीन वाजले. पलीकडे रावजींनी पट्टा चढविला, घरातील बल्ब लाल झाला, आणि पडदा काळा पडला.

त्याच संध्याकाळी सर्जेरावांनी आंतरदेशीय पत्र घेतले. पेरिनबाईंस नमस्कार लिहिला. पुढे लिहिले, ‘वेळ होता. सदतीस सेकंद. मी आपणास जे कळविले ते खोटे होते. ते खोटे आहे हे मला आजपर्यंत ठाऊक नव्हते, परंतु ठाऊक नसणे हाही माझाच दोष आहे.’ त्यानंतर त्या सदतीस सेकंदांत आपण काय करीत होतो हे लिहिणे उचित होते. ज्या आईचा मुलगा गेला तिला ते जाणण्याचा अधिकार होता. त्यांनी लेखणी टेकविली, आणि मागील खोलीतून आबांचा खोकला ऐकू आला. ‘लक्ष नव्हते,’ एवढेच दोन शब्द लिहून त्यांनी पत्र चिकटविले, आणि एस.टी. स्थानकाच्या पेटीत टाकले. पत्र आत पडल्याचा आवाज झाला तेव्हा त्यांना वाटले, कॅम्पातील त्या बाईंची झोप आपण आज दुसऱ्यांदा घेतली.

दोन दिवसांनी ते आबांना पोहोचविण्यास वरकुट्यास गेले. सकाळी आबा त्यांना हाताला धरून माळावर घेऊन गेले. पूर्वीचे विमान आता नव्हते, परंतु दुसऱ्या कोणत्या तरी कंपनीचे विमान सव्वानऊच्या सुमारास अद्याप त्याच वाटेने जात असे. आज ते पूर्वेकडून, फार उंचावरून, शांतपणे येत होते. आबांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि दोन्ही हातांनी फिरवू लागले.

“त्यात मी नाही, आबा. आता त्यात तिसरा माणूसच नसतो.”

“नसू दे. कुणाचं तरी पोरगं आसंलच की.”

सर्जेराव त्यांच्या शेजारी उभे राहिले. मनात नसताही त्यांनी मोजावयास सुरुवात केली. एक, दोन, तीन. चौदाला विमान डोक्यावर आले. वीस. घोंगडीचा वारा त्यांच्या गालाला लागत होता. तिसाला आबांना धाप लागली, पण त्यांनी विश्रांती घेतली नाही. एवढ्या वेळात माणूस उठून, घरात जाऊन, पाणी पिऊन परत येऊ शकतो. एवढ्या वेळात एक बटण शंभर वेळा फिरविता येते.

सदतीस मोजून झाले, तरी आबांचे हात थांबले नव्हते.